जपानीला तास आहे, मराठीला का नाही?

गेल्या जून महिन्यात निजामकालीन इनामाचे काही कागद शोधण्यासाठी आम्ही हैदराबादेस, तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात गेलो होतो. मुक्काम काचीगुड्यास, एका जुन्या अशिलाच्या मुलाकडे होता. कुटुंब मूळचे भालकी तालुक्यातले. म्हणजे घरात मराठी, गावच्या कचेरीत कन्नड, आणि पोटापाण्याचे शहर तेलुगू-उर्दूचे. रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांची आठवीत गेलेली मुलगी शाळेचा एक छापील अर्ज घेऊन आमच्यापुढे येऊन बसली. "वकीलकाका, इथे कोणती भाषा भरू?" तिने विचारले. पहिली भाषा इंग्रजी, दुसरी तेलुगू, हे छापलेलेच होते. तिसऱ्या रकान्यात निवड होती: हिंदी, फ्रेंच, जर्मन आणि यंदापासून जपानी. मराठी त्या कागदावर कोठेही नव्हती.

तिच्या वडिलांनी शाळेत जाऊन विचारणा केली होती. त्यांना तीन उत्तरे मिळाली: मराठीला शिक्षक नाही, मराठीला मागणी नाही, वेळापत्रकात जागा नाही. त्याच शाळेच्या फाटकावर चेरीच्या फुलांचे मोठे चित्र लावून जपानी वर्गाची जाहिरात केलेली होती. जपानीचा शिक्षक आठवड्यातून दोन दिवस बाहेरून येणार होता. त्या वर्गासाठी गेल्या वर्षी किती पालकांनी लेखी मागणी केली होती, असे आम्ही विचारले. एकानेही नाही. मागणी आधी नव्हती. शाळेने ती निर्माण केली.

मुलीचे डोळे मात्र त्या रकान्यावर खिळले होते. जपानी चित्रकथा ती वेड लागल्यासारखी पाहते, आणि त्यातली माणसे काय बोलतात हे पाट्या न वाचता तिला कळावयास हवे आहे. आम्ही तिला सांगितले, "बाळ, जपानीच भर."

सीमाभागात मराठीसाठी उभे आयुष्य भांडलेला वकील मराठी मुलीस जपानी शिकावयास सांगतो, याचे काही वाचकांस नवल वाटेल. म्हणून आरंभीच आमची कैफियत नोंदवून ठेवतो. आमचा दावा जपानीविरुद्ध नाही. जपानी अवश्य शिकावी. परंतु ज्या शाळेत जपानीला तास मिळतो त्या शाळेने मराठीला तास नाकारण्यासाठी दिलेली तिन्ही कारणे त्याच क्षणी खोटी ठरतात. आणि जपानकडून शिकण्याजोगा जो पहिला धडा आहे, तो जपानीच्या वर्गाबाहेर ठेवूनच आपण जपानी शिकू लागलो आहोत.

हा धडा हैदराबादेत नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो याच शहराने घेतला होता. 1922 साली निजामाच्या राज्याचे शिक्षण संचालक सर रॉस मसूद जपानला गेले. हे सर सय्यद अहमद खान यांचे नातू, ऑक्सफर्डला शिकलेले, विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेले. जपानची शिक्षणव्यवस्था त्यांनी बारकाईने पाहिली आणि तिजवर एक सविस्तर ग्रंथ लिहिला. तो 1923 साली प्रसिद्ध झाला. जपान अर्ध्या शतकात पाश्चात्त्य राष्ट्रांच्या बरोबरीस कसा आला, हा त्या काळी आशियातील प्रत्येक विचारी माणसास पडलेला प्रश्न होता. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग मसूद यांना तेथील शाळांत सापडला: सारे आधुनिक ज्ञान जपानी मुलास जपानीतून मिळत होते.

मसूद यांना हे पटावयास कारणही होते. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले ते एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्यासाठी. त्याच्या आधीच भाषांतराची स्वतंत्र कचेरी, दारुल तर्जुमा, उघडली होती. इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंतचे ग्रंथ तेथे उर्दूत आणले गेले, हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले. हिंदुस्थानात इंग्रजीशिवाय विद्यापीठ चालूच शकत नाही असे मानले जात होते, त्या काळात ही मोठी हिंमत होती. तिला आम्ही नमस्कार करतो.

परंतु जपानचा धडा गिरविताना हैदराबादेने त्यातील मुख्य शब्दच बदलला. जपानने निवडली ती प्रजेची भाषा. निजामाने निवडली ती दरबाराची. 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील सुमारे निम्मे लोक तेलुगू भाषक होते, सुमारे एक चतुर्थांश मराठी भाषक. कन्नड आणि उर्दू भाषकांचे प्रमाण प्रत्येकी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होते. परभणीच्या किंवा बीदरच्या शेतकऱ्याच्या पोरास उर्दू ही इंग्रजीइतकी नसली तरी परकीच होती. पाण्यासाठी विहीर खणावी आणि ती वाड्याच्या आत खणावी, तसे झाले. वाड्याबाहेरच्यांनी मग आपल्या विहिरी आपण खणल्या. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी 1907 सालीच हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी केली होती. पुढे 1931 साली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि अध्यक्षस्थानी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. सारे ज्ञान मराठीत आणण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, असा माणूस निजामाच्या राजधानीत मराठीच्या व्यासपीठावर बसला, यातील अर्थ त्या पिढीस समजावून सांगावा लागला नसेल.

1948 नंतर उस्मानियातील उर्दू माध्यम गेले. त्याच्या जागी तेलुगू, मराठी वा कन्नड आली नाही, इंग्रजी आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्याचे तीन तुकडे झाले. उदगीर आजच्या महाराष्ट्राच्या बाजूस आले, भालकी आजच्या कर्नाटकाच्या बाजूस गेली, आणि हैदराबादेतला मराठी माणूस परराज्यात जाऊन पडला. घर न बदलता. जपानचा धडा अर्धाच राहिला तो राहिलाच.

आता मूळ जपानकडे वळू. तेथेही हा वाद झाला होता. मोरी आरिनोरी हा पुढे जपानचा पहिला शिक्षणमंत्री झालेला गृहस्थ. 1872-73 च्या सुमारास, अमेरिकेत राजदूत असताना, आधुनिक ज्ञानासाठी जपानी भाषा अपुरी आहे, सबब इंग्रजीचा स्वीकार करावा, असे त्याने मांडले. येल विद्यापीठातील भाषापंडित व्हिटनी यांचे मत त्याने मागविले. तेव्हा त्या अमेरिकन पंडितानेच त्यास या मार्गापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. आणि लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करणाऱ्या बाबा तात्सुई या तरुणाने मोरीस उत्तर म्हणून 1873 साली जपानीचे व्याकरणच लिहून छापले. ज्या भाषेला व्याकरण आहे तिला अपुरी कसे म्हणता, हा त्याचा एक मुद्दा. आणि परक्या भाषेने वरचा वर्ग व सामान्य जन यांच्यात दरी पडेल, हा दुसरा. आमच्या व्यवसायातील मनुष्याने केलेला हा युक्तिवाद आम्हांस विशेष प्रिय आहे. मोरी हरला. मित्सुकुरी रिन्शो याने फ्रेंच कायदेसंहिता जपानीत आणली; नसलेले शब्द बनविले, वापरले, रुळविले. 2008 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक स्वीकारावयास गेलेले तोशिहिदे मासुकावा यांनी आपले व्याख्यान जपानीतून दिले, कारण इंग्रजी त्यांस सफाईने येत नव्हती. इंग्रजी न येता नोबेलपर्यंत पोहोचणे ज्या भाषेत शक्य होते, ती भाषा आपल्या मुलांस शिकविताना आपण ही गोष्ट सांगणार आहोत की नाही?

आमचा अंदाज असा की सांगणार नाही. कारण शाळेतील 'जपानी संस्कृती' म्हणजे कागदाचे पक्षी, स्नेहसंमेलनातील किमोनो आणि भिंतीवरची चेरीची फुले. यांत वाईट काही नाही. परंतु तेथील मुले आपला वर्ग स्वतः झाडतात, दुपारचे जेवण एकमेकांस वाढतात, हीदेखील संस्कृतीच आहे; आणि ती सारी आपले विज्ञान आपल्या भाषेत शिकतात, ही तर तिची पायाभरणी आहे.

संस्कृती शिकवावयाची तर तिची काळी बाजूही शिकवा. ज्या जपानने स्वभाषेसाठी एवढे केले, त्यानेच ओकिनावा बेटांवरील मुलांच्या गळ्यात, घरची बोली शाळेत बोलल्याची शिक्षा म्हणून, लाकडी पाटी अडकविली. ज्याच्या गळ्यात ती असे, त्याने दुसरा कोणी बोली बोलताना सापडेपर्यंत ती वागवावयाची. मुलांनीच मुलांवर पाळत ठेवावी, अशी ही योजना. उत्तरेकडील ऐनू लोकांची भाषा तर जवळजवळ बोलणाऱ्यांवाचून उरली. त्यांना मूळ निवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळाली ती 2019 साली. आणि 1910 ते 1945 या काळात कोरियात जपानी भाषा लादली गेली, शेवटी लोकांची नावेसुद्धा जपानी करविली गेली. सीमेपलीकडील मराठी वाचकास हे वाचून काही आठवावयास लागू नये, इतका तो विसराळू नाही. स्वभाषेवर प्रेम करणारे राष्ट्र दुसऱ्याच्या स्वभाषेचे वैरी होऊ शकते. तो धोका आम्हांसही आहे, म्हणून येथे लिहून ठेवतो.

आता एक गोष्ट, जी जपानीच्या जाहिरातीत छापलेली नसते. मराठी मुलाला जपानी सोपी जाते, आणि ती मराठीमुळे सोपी जाते. जपानी वर्णमालेचा क्रम पाहा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याकडचाच आहे. सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्र शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमार्फत तो जपानला पोहोचला. वाक्यरचना पाहा. 'वाताशि वा होन ओ योमिमासु'. शब्दाला शब्द ठेवत जा: मी, पुस्तक, वाचतो. क्रियापद शेवटी, जसे मराठीत, तेलुगूत, कन्नडात. 'हाइदेराबादो नि इकिमासु' म्हणजे 'हैदराबादला जातो'. आपला 'ला' जसा नामाच्या मागून येतो तसाच त्यांचा 'नि'. 'तोमोदाचि नो होन' म्हणजे 'मित्राचे पुस्तक'. आणि प्रश्न विचारावयाचा झाला की वाक्याच्या अखेरीस जपानी माणूस काय जोडतो? 'का'! 'योमिमासु का?' म्हणजे 'वाचता का?' दोन्ही भाषांत नाते आहे असे आम्ही म्हणत नाही. हा निव्वळ योगायोग. परंतु शिकणाऱ्याच्या हाती तो आयताच येतो.

आदरार्थाचेही तसेच. स्वतःच्या आईला चारचौघांत 'हाहा' म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या आईचा उल्लेख 'ओकासान' असा करावयाचा, हा भेद इंग्रजीतून समजाविता समजाविता शिक्षकाची दमछाक होते. 'आमची आई' आणि 'आपल्या मातोश्री' हा फरक ज्या घरात पाळला जातो, तेथील मुलीस तो एका वाक्यात कळतो. तरीही आपल्या शाळा जपानी शिकवितात ती इंग्रजीच्या मार्गाने. सरळ वाक्य आधी उलटावयाचे, मग पुन्हा सुलटावयाचे. शेजारच्या घरी जाण्यासाठी गावाला वळसा घालावा, तसा हा प्रकार.

हे आमचे स्वप्नरंजन नाही. तेव्हाच्या औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाडीवाट नावाचे गाव आहे. एके काळी तोही मुलूख निजामाचाच. तेथील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतील मुले जपानी शिकू लागल्याची बातमी 2020 साली वृत्तपत्रांतून आली होती. कोणती परकी भाषा शिकाल असे विचारल्यावर, यंत्रमानवांचे तंत्र शिकावयाचे म्हणून मुलांनी जपानी निवडली. गावाला धड रस्ता नव्हता. जपानी आली ती दूरसंचाराच्या तारेवरून. मराठी शाळेने जपानीला जागा केली, आणि त्यासाठी मराठीला उठवावे लागले नाही. गाडीवाटेला जे जमले ते भाग्यनगरास का जमू नये?

आता त्या तीन कारणांची उलटतपासणी करू.

शिक्षक नाही, म्हणता. जपानीचा शिक्षक शाळेच्या आवारात उगवला होता काय? तो शोधून आणला. ज्या शहरात विवेकवर्धिनीच्या कितीतरी पिढ्या नांदल्या, त्या शहरात आठवड्यातून दोन तास मराठी शिकविणारा मनुष्य सापडत नाही, हे शपथेवर सांगावयाची कोणाची तयारी आहे?

जागा नाही, म्हणता. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक स्तरावर जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन वगैरे परकी भाषांची सोय करावी असे म्हटले आहे, हे खरे. पण त्याच धोरणाने तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असेही म्हटले आहे. परकी भाषा ही भर आहे. भारतीय भाषेचे आसन रिकामे करून घेण्याचा परवाना नव्हे. आमच्या मुलीच्या अर्जात इंग्रजी आणि जपानी यांच्यामध्ये भारतीय भाषा उरली ती एक तेलुगू.

तेलुगूविषयी आमचे म्हणणे स्पष्ट आहे. तेलंगणाने 2018 साली कायदा करून शाळांत तेलुगू सक्तीची केली. आमचा त्यास विरोध नाही. महाराष्ट्राने आपल्या राज्यात मराठी सक्तीची केली, आणि अल्पभाषक संस्थांचा त्यावरील आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली उषा मेहता प्रकरणात फेटाळला, तेव्हा आपण आनंद मानला. जो न्याय मुंबईत मागावयाचा तोच हैदराबादेत मोडावयाचा, हे वकिली डावपेच म्हणून चालेल. भूमिका म्हणून चालणार नाही. ज्या राज्याचे अन्न खातो त्याची भाषा शिकलीच पाहिजे. मराठी हवी ती तेलुगूच्या जागी नव्हे, तेलुगूच्या शेजारी.

उरली मागणी. येथे मात्र आम्हांस प्रतिपक्षाकडून आपल्याच बाजूकडे वळावे लागते. संविधानाचा अनुच्छेद 350-क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींविषयी बोलतो. आठवीतल्या मुलीस त्याचा थेट आधार नाही. 1949 च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले ही कसोटी ठरविली, तीही प्राथमिक शाळेपुरतीच. अनुच्छेद 29 आणि 30 आपली भाषा जतन करण्याचा व आपल्या संस्था चालविण्याचा हक्क देतात. पण हक्क बजावणारा कोणी तरी असावा लागतो. आम्ही त्या वडिलांना विचारले, "मराठी हवी असा लेखी अर्ज कधी दिलात?" ते गप्प राहिले. मग म्हणाले, "एकट्याने कसा द्यायचा, वकीलसाहेब? पोरीकडे बोट दाखवतील."

याच वाक्यात आपला सारा पराभव सामावलेला आहे. त्या वर्गात आणखी चार-पाच मराठी घरांतील मुले आहेत. प्रत्येक बाप स्वतःला एकटा समजतो. पुढचा प्रश्नही आम्हांस ठाऊक आहे: जपानीने नोकरी मिळेल, मराठीने काय मिळेल? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कुशल कामगार पाठविण्याविषयी भारत आणि जपान यांच्यात 2021 साली करार झाला आहे. कांदीचे आयआयटी जपानच्या साहाय्याने उभे आहे. जपानीने भाकरी मिळू शकते. परंतु जपानी माणसाला पगार देऊन जे हवे असते ते भाषेच्या दोन तीरांवर उभे राहणारे माणूस. ज्याला एकच तीर अर्धामुर्धा ठाऊक, त्याचा पूल कसा होणार? घरी मराठी बोलावयाची पण वाचावयाची नाही, शाळेत इंग्रजी वाचावयाची पण तिच्यात स्वप्न पडावयाचे नाही, अशी मुले आम्ही न्यायालयाच्या आवारात रोज पाहतो. आजोबांच्या खरेदीखतावरचा मराठी मजकूर त्यांना आमच्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि आम्ही त्याची फी घेतो.

तेव्हा सीमेपलीकडील बंधुभगिनींनो, हैदराबादेत असा, बीदरात असा, आदिलाबादेत असा, आमचे मागणे थोडे आहे. आपल्या पाल्याच्या शाळेतील मराठी घरे मोजा. मराठी हा विषय मिळावा असा एकच अर्ज करा, त्यावर सर्वांनी सह्या करा आणि पोच घ्या. ज्या शाळेने परकी भाषेसाठी बाहेरचा शिक्षक आणला आहे, त्या शाळेस अर्जात तेवढेच नम्रपणे विचारा: तोच मार्ग मराठीसाठी का नाही? नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकार हे हत्यार असते. तोंडी नकार ही वाफ. आणि उत्तर येईपर्यंत घरी रोज एक पान मराठी वाचून घ्या. त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

काचीगुड्याच्या त्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी आम्ही दोन कागद लिहून दिले. एकावर शाळेकडे करावयाचा अर्ज होता. दुसऱ्यावर मुलीसाठी दहा जपानी वाक्ये आणि त्यांच्याखाली त्यांची मराठी. तिने ती मोठ्याने वाचली, शेवटच्या वाक्यातील 'का' पाशी थांबली आणि खुदकन हसली. "काका, हे तर आपलंच आहे!"

अर्जावर तिच्या वडिलांची सही झाली आहे. खाली आणखी सह्यांना जागा सोडली आहे.